दार बीप करत नाही

आमच्या गेममध्ये पडद्यावर काहीच दिसत नाही. कानांना हेडफोन आणि समोर अंधारातला जुना वाडा. चौक ओलांडून जिन्यापर्यंत पोचायचं, एवढंच. दार कुठे आहे ते कळावं म्हणून मी त्याला एक बीप दिला होता. स्वच्छ, गोड, १००० हर्ट्झचा. पहिले टेस्टर आले ते तबला शिकवणारे एक गुरुजी. जन्मापासून दिसत नाही. दहा मिनिटं ते चौकात गोल गोल फिरले, मग हेडफोन गळ्यात उतरवून म्हणाले, "अहो, दार कधी बीप करतं का? बरं, करू दे. पण समोर करतंय की पाठीमागे, ते तरी कळू द्या!"

डावं-उजवं सोपं असतं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो. दोन कानांतला हा फरक एक मिलिसेकंदही नसतो, तरी मेंदू तो पकडतो. वरच्या पट्टीतल्या आवाजांना डोकंच आडवं येतं, पलीकडच्या कानाला ते दबके ऐकू येतात. लॉर्ड रेली यांनी १९०७ मध्येच हे दोन्ही हिशेब मांडून ठेवलेत. घोळ होतो तो पुढे-मागे. नाकासमोरचा आवाज आणि बरोबर पाठीमागचा आवाज, दोन्ही कानांना एकदमच पोचतात. तिथे कामाला येतात बाहेरच्या कानाच्या घड्या: समोरून आलेल्या आवाजातले काही वरचे सूर त्या खातात, मागून आलेल्यातले वेगळेच. पण खायला आधी काहीतरी हवं ना! माझ्या बीपमध्ये सूर एकच.

म्हणून वाईला आत्याकडे गेलो. तिच्या माजघराच्या दाराला लोखंडी कडी आहे. वाऱ्याने ती कोयंड्यावर आपटते तेव्हा खण्ण होतं, मागोमाग फळी कुरकुरते. त्या आवाजात खरखर, ठोका, गंज सगळं आहे. माइकभोवती गोधड्या टांगल्या, कारण रेकॉर्डिंग ड्राय हवं. खोलीचा घुमारा नंतर गेम स्वतः घालतो. इथलाच आत आला तर आमच्या वाड्यात आत्याचं माजघर शिरायचं. आत्या बराच वेळ बघत होती. "दाराला थंडी वाजतेय का रे?" म्हणाली.

कडीने दार सापडायला लागलं, पण पुढचं-मागचं पूर्ण सुटलं नाही. प्रत्यक्षात आपण नकळत मान हलवतो: जरा उजवीकडे वळवली की समोरचा आवाज डाव्या कानाकडे सरकतो, मागचा उजव्या. साध्या हेडफोनमध्ये मात्र अख्खा वाडाच मानेबरोबर वळतो. मान कुठे वळली ते ओळखणारा हेडसेट घेतला तेव्हा कुठे वाडा जागेवर थांबला.

वर-खाली मात्र अजून छळतं. कानाच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या आणि गेममध्ये असतात उसन्या. एमआयटीत १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत माइक बसवून ७१० दिशांचे आवाज मोजले होते. तसली मोजमापं सगळ्यांच्या कानात घालायची म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून चालण्यातला प्रकार. जिन्याच्या वरच्या टोकाचा आवाज कुणाला छातीशी ऐकू यायचा, कुणाला डोक्याच्या आत. शेवटी गणित सोडलं आणि माळ्यावर पारवे बसवले. पारवे घुमले की प्रत्येकाला वरच ऐकू येतात. ही लबाडी आहे, पण मला त्याची लाज वाटत नाही.

गुरुजी दुसऱ्यांदा आले तेव्हा कडीच्या आवाजाने सरळ दाराशी गेले. मला वाटलं झालं. पण ते थबकले, मान तिरकी केली, टाळी वाजवायचं बटण दोनदा दाबलं.

"डावीकडे भिंत नाहीये का हो?"

"आहे की, गुरुजी."

"टाळी परत येत नाही तिथून."

एडिटर उघडून पाहिलं. त्या एका भिंतीला आवाजाचं मटेरियल लावायचं राहून गेलं होतं. माझ्या मॉनिटरवर ती चांगली ठणठणीत उभी होती, विटांसकट.