पुसदचा कोरा चहा आणि चीनची पत्ती

दिग्रसहून एस.टी.ने पुसदला निघालो की डोंगर सोबतीला येतात. पूस नदीकाठचे हे गाव डोंगरांनी वेढलेले आहे. जवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते, हे इथला माणूस पाहुण्याला सांगतोच. पण त्याआधी विचारतो, "चहा घेता ना जी?"

दूध नसले की इकडे कोरा चहा होतो. आम्ही ज्या घरी उतरलो तिथे मात्र कोऱ्या चहाचा वेगळाच थाट होता. घरातला मुलगा डॉक्टरकी शिकायला चीनला गेला होता. येताना त्याने तिथल्या आन्हुई प्रांतातील कीमन चहाची पुडी आणली होती.

ताईंनी सवयीने पत्ती गंजात टाकायला घेतली, तर मुलाने थांबवले. "काकू, ही उकळायची नाही." पाण्याला उकळी आल्यावर त्याने गंज खाली घेतला. माणशी एक लहान चमचा पत्ती किटलीत टाकून वर पाणी ओतले, झाकण ठेवले आणि तीन-चार मिनिटांनी गाळले. रंग तांबूस, स्वच्छ. वासात किंचित धूर आणि फुलाचा गंध. चव मऊ, साखरेविना गोडसर. त्याच पत्तीचा दुसरा घाणाही निघाला.

आपला दाणेदार चहा यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेला असतो. त्यामुळे तो झटकन कडक उतरतो आणि दूध-साखर पेलतो. कीमनची पाने सुकवून, वळून, हवेत काळी होऊ देऊन मग वाळवतात. पान जवळजवळ अखंड राहते, म्हणून उकळले की कडू होते. आपण त्याला काळा म्हणतो, चिनी लोक लाल चहा म्हणतात. आपला 'चहा' हा शब्दही मूळचा चिनीच!

चीनमधील बौद्ध भिक्खू ध्यानात झोप येऊ नये म्हणून चहा घेत. आठव्या शतकात चहावर पहिला ग्रंथ लिहिणारा लू यू विहारातच वाढला होता, असे सांगतात. बोधिधर्माच्या पापण्यांतून चहाचे झाड उगवले ही मात्र निव्वळ दंतकथा. बुद्धाच्या अनुयायांनी ती कथा म्हणूनच ऐकावी.

चहा पिताना घरचे आजोबा म्हणाले, "आमच्या येळी गावच्या हॉटेलात आपला कप भायेर खुंटीले राहे. पेयाचा, आपणच धुवाचा अन् परत टांगाचा." नातवंडे गप्प झाली. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला, तो याच माणुसकीसाठी. संविधानाच्या कलम १५ ने दुकाने व हॉटेले सर्वांना खुली केली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने ती पाळणाऱ्याला शिक्षा ठरवली. तरीही कुठे वेगळा कप दिसला, तर तो गुन्हा आहे हे मुलांना माहीत हवे.

महाग पत्ती प्रत्येक घरी येणार नाही. साधी पत्तीही गंज उतरवून, झाकून, दोन मिनिटांत गाळून पाहा. कडूपणा कमी होईल. मात्र चहा जेवणासोबत घेऊ नये. त्याने अन्नातील लोह अंगी कमी लागते. आपल्या माता-भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि दारी येणारा कोणीही असो, त्याला आपल्याच कपबशीत चहा द्यावा.