दुसऱ्याचे मागणे

ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेत स्वतःचे मागणे असतेच, पण तिचा मोठा भाग दुसऱ्यांच्या गरजांनी व्यापलेला असतो. या प्रार्थनेला मध्यस्थी म्हणतात. तिची एक फार जुनी कथा बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. सदोम नगराचा नाश ठरलेला असताना अब्राहाम देवासमोर उभा राहतो आणि चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असे करत तो दहावर येतो. नगर वाचत नाही, कारण तिथे दहाही निघत नाहीत. वाचतात ते पुतण्या लोट आणि त्याच्या मुली. प्रार्थना म्हणजे हमखास फळ, असा दावा करणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचायला हरकत नाही. पुढे नव्या करारात खुद्द येशू पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून प्रार्थना करतो, तरी पेत्र त्याच रात्री त्याला तीनदा नाकारतो. तुटतो, रडतो, पण परततो.

मराठी मुलखात या प्रार्थनेचे सर्वांत ठळक उदाहरण पुणे जिल्ह्याचेच आहे. या जिल्ह्याची दोन टोके एकमेकांशी बोलत नाहीत असे वाटावे इतकी वेगळी. पश्चिमेला मुळशीत ताम्हिणीच्या डोंगरावर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला दौंडच्या वाटेवरचे केडगाव ढगांकडे डोळे लावून बसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या, त्या केडगावच्या मुक्ती सदनात. त्यांना अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळाले. जॉर्ज म्युलरने इंग्लंडमधली अनाथालये केवळ प्रार्थनेच्या भरवशावर कशी चालवली, हे रमाबाईंनी वाचले होते. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये मोठी धर्मजागृती झाली आणि तिची बातमी इथवर पोचली. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी एक प्रार्थनामंडळ सुरू केले. सुमारे सत्तर जणी रोज सकाळी जमत आणि सर्व भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी, स्वतःसाठी, जगभरच्या मंडळ्यांसाठी मागत. जूनअखेर मुक्तीत जे उसळले, ते रडणे, कबुल्या आणि तासन्‌तास चाललेल्या मोठ्या आवाजातल्या प्रार्थना, यांची नोंद जगाच्या ख्रिस्ती इतिहासात झाली. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या मुली दुसऱ्या देशांतल्या अनोळखी माणसांसाठी मागत होत्या, ही बाब त्या उसळीपेक्षा जास्त विचार करायला लावणारी आहे. ज्यांच्यावर आजवर इतरांनी दया केली, त्यांना आता दुसऱ्यासाठी काही करता येत होते.

आज मुळशी तालुक्यातली हिंजवडी, बावधन, पिरंगुट ही गावे पुण्याला जवळजवळ येऊन चिकटली आहेत. नोकरीसाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे अशा वस्त्यांत कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये घरगुती प्रार्थनेला जमतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत चटई, एक-दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी. गीत, वचन, आणि मग यजमान विचारतात, "प्रार्थनेचे विषय सांगा." कुणाच्या सासऱ्यांची बायपास, कुणाचे दहावीचे पेपर, कुणाचे अडलेले प्रमोशन, कुणाच्या मुलीसाठी स्थळ. एक जण वहीत टिपून घेतो. नाव, गाव, नेमके काय दुखते ते. "सगळ्यांचे भले कर" असे एका दमात म्हणून मोकळे होणे सोपे असते. नावानिशी मागायचे तर आधी त्या माणसाची विचारपूस करावी लागते. या विचारपुशीला एक वाकडी बाजूही आहे. "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं," या पालुपदाखाली शेजारच्या घरातली भांडणे चवीने फिरतात, आणि शहाणे पाळक अशा वेळी विषय थोडक्यात आवरायला लावतात.

कॅथलिक परंपरेत हाच विषय कागदावर उतरतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होतो. सर्व धर्मांचे लोक नऊ बुधवार येतात, विनंतीच्या चिठ्ठ्या टाकतात, आणि काम झालेल्यांची आभाराची पत्रे वाचून दाखवली जातात. वांद्र्याच्या मोतमाऊलीपाशी मेणाचे हात, पाय, तान्ही बाळे, छोटी घरे विकत मिळतात; ज्याचे जे अडले असेल ते वाहायचे. संतांना आणि मारियेला आपल्यासाठी मागायला सांगणे प्रॉटेस्टंट मंडळ्यांना मान्य नाही. मृतांच्या बाबतीतही तेच. कॅथलिक घरांत दोन नोव्हेंबरला गेलेल्यांसाठी मागतात. प्रॉटेस्टंटांकडे माणूस गेला की त्याच्यासाठीचे मागणे थांबते आणि मागे राहिलेल्यांसाठी सुरू होते.

अशा प्रार्थनेचा उपयोग मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. २००६ मध्ये अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे नक्की ठाऊक असलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. होईल की नाही हे ठाऊक नसलेल्यांत, प्रार्थना झालेली असो वा नसो, हे प्रमाण थोडे कमीच निघाले. टीकाकारांनी हे आकडे उचलून धरले. पण प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच दिले होते. वहीतल्या सासऱ्यांच्या बायपासशी याची तुलना कशी करायची, हा प्रश्न आकडे सोडवत नाहीत.

एक विषय मात्र वहीत सहसा येत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, आणि जुन्या करारातल्या ईयोबाला तर त्याला दोष देणाऱ्या मित्रांसाठीच मागावे लागले. घरगुती सभेत वरिष्ठाचा त्रास थांबावा म्हणून मागणे होते. त्या वरिष्ठाच्या आजारी आईसाठी होत असेल, तर ते बहुधा घरी, एकट्याने.