गुरुवारचा रविवार

मोठ्या निर्णयांच्या वेळीं मनुष्य सावध असतो. लग्न ठरवितांना तो चार वडीलधाऱ्यांना विचारतो, घर घेतांना वकिलाला कागद दाखवितो. त्याची खरी फजिती होते ती लहान निर्णयांत. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारीं असावी, हा प्रश्न असाच क्षुल्लक. परंतु त्यानें गेल्या वर्षीं मला माझ्या धर्मशीलतेविषयीं बरेंच कांहीं शिकविलें.

आमचें बिऱ्हाड चिंचवडला. भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्यें मीं बारा वर्षें काढलीं. तेथें रविवारीं सुट्टी असे, आणि हें आमच्या बाजूला भाग्यच समजावें. कारण विजेचा भार वाटला जावा म्हणून या पट्ट्यांतील पुष्कळ कारखाने गुरुवारीं बंद असतात व रविवारीं चालतात. माझा रविवार मात्र मोकळा. आईचे गुडघे दुखतात; तिला हात देऊन रिक्षांत बसवावें, उपासनेला न्यावें, हा आमचा क्रम कधीं चुकला नव्हता.

अशांत चाकणच्या एका मोठ्या कारखान्यांतून मला बोलावणें आलें. पगार जवळजवळ दीडपट, सुट्टी गुरुवारची. मुलगी बारावीला होती. तिच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च डोळ्यांपुढें उभा होता. तरीहि मीं नकार देण्याचें ठरविलें आणि कारण म्हणून प्रभूचा दिवस पुढें केला. असा त्याग करतांना मनाला फार बरें वाटतें.

तरीपण खात्री करून घ्यावी म्हणून रात्रीं मीं एक जुना प्रकार केला. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलें आणि पानावर बोट ठेवलें. कोंकणांत देवाला कौल लावतात, त्याला मी हसत आलों आहें. माझा कौलहि त्याच जातीचा होता. बोट पडलें तें इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांतील वंशावळीवर! अमक्याला अमका झाला, याखेरीज त्या पानावर कांहीं नव्हतें. पत्नी हसून म्हणाली, "देवानें बुद्धि दिली आहे ती झांकून ठेवून त्याच्याचकडे उत्तर कशाला मागतां?"

तेव्हां मला लूकच्या शुभवर्तमानांतला बुरूज बांधणारा आठवला. शिष्य होणें म्हणजे सर्वस्व सोडणें, एवढी मोठी गोष्ट सांगतांना येशू दृष्टांत घेतो तो खर्चाचा अंदाज करणाऱ्या माणसाचा. आधीं खालीं बसावें, पैसा पुरेल कीं नाहीं तें पाहावें, मग पाया घालावा. भक्तीचें आणि हिशेबाचें वैर आहे ही समजूत त्याला मान्य नसावी.

मी कागद घेऊन बसलों. फी, प्रवास, नाशिक रस्त्यावरच्या गर्दींत जाणारा वेळ, आईची ने-आण, सारें मांडलें. खडकीच्या चर्चला ज्याचें नांव आहे त्या संत इग्नेशियसनें 1548 सालीं छापल्या गेलेल्या आपल्या साधनेच्या पुस्तकांत एक युक्ति सुचविली आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, पण चांगली युक्ति कोठूनहि घ्यावी. जो मनुष्य आपण कधीं पाहिलेला नाहीं, पण ज्याचें भलें व्हावें असें वाटतें, तो याच अडचणींत असतां त्याला काय सल्ला द्याल? मीं असा एक अनोळखी मनुष्य समोर बसविला आणि विचारलें, "बाबा, नकार कां देतोस?" तो चांचरत म्हणाला, "तिकडचीं नवीं यंत्रें मला येत नाहींत. मुलाच्या वयाच्या पोराच्या हाताखालीं शिकावें लागेल." उपासनेचें नांवहि त्यानें काढलें नाहीं. माझी भीति मीं प्रभूच्या नांवावर खपविली होती.

लाज वाटली, आणि लाजेच्या भरांत मीं दुसरें टोक गांठलें. "उद्यांच होकार कळवितों," असें म्हणालों. पत्नीनें विचारलें, "लक्ष्मीबाई टिळक विसरलांत वाटतें?" रेव्हरंड टिळकांनीं 1895 सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई मागें राहिल्या. ताटातुटीचीं तीं वर्षें त्यांनीं कशीं काढलीं, तें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 सालीं, आपल्या मनाचा कौल मिळाल्यावर. टिळकांच्या निष्ठेविषयीं शंका नाहीं. परंतु एकाच्या निष्ठेचें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर केवढें पडतें! आमची गोष्ट त्यापुढें तिळाएवढी. तरी रविवार जसा माझा तसा आईचाहि होता, आणि तिला मीं विचारलेंच नव्हतें.

आईनें सारें ऐकून घेतलें. "मला देवळांत न्यायला कोणी ना कोणी मिळेल. पोरीची फी भरायला कोण मिळणार? आणि गुरुवारीं देव कांहीं झोपत नाहीं." थोडें थांबून ती म्हणाली, "पण तुझा हात नसेल, तें जाणवेल हो."

मीं ती नोकरी धरली. आतां रविवारीं शेजारच्या काकू मोरया गोसावींच्या दर्शनाला निघतात, त्या आईला वाटेंत चर्चपाशीं उतरवून देतात. गुरुवारीं संध्याकाळीं आम्ही घरींच प्रार्थना करतों. सर्वांबरोबर उभें राहून गाण्यांत जें आहे, तें तिच्यांत नाहीं. ही उणीव भरून निघालेली नाहीं आणि निघेल असें वाटत नाहीं. पण ती त्या रात्रींच्या कागदावर लिहिलेली होती. मागाहून कळलेली नाहीं.

कारखान्यांत माझा शिक्षक पंचवीस वर्षांचा आहे. माझी चूक झाली म्हणजे तो यंत्र थांबवितो आणि शांतपणें म्हणतो, "काका, पुन्हां एकदां." मी पुन्हां एकदां करतों.