‘तहजीब’च्या पानांवरून गेलेले

अलीगढ मुस्लिम विद्यापीठ १९२० चे. त्याचे उर्दू मासिक ‘तहजीब-उल-अखलाक’ मात्र १८७० चे. सर सय्यद अहमद खान लंडनहून परतले ते ‘टॅटलर’ आणि ‘स्पेक्टेटर’ ही जुनी इंग्रजी पत्रे डोक्यात घेऊन. आपल्या समाजाशी त्याच्याच भाषेत बोलणारे नियतकालिक हवे, हा ध्यास. आधी मासिक निघाले. शाळा १८७५ त, कॉलेजची पायाभरणी १८७७ त; तेच पुढे विद्यापीठ.

पहिल्या अंकाची तारीख: १ शव्वाल १२८७, म्हणजे रमजान ईद. इंग्रजी हिशेबाने २४ डिसेंबर १८७०. सुधारणेची सुरुवात सणाच्या दिवशी. असे मुहूर्त आता संपादक धरत नाहीत.

खिळे. सर सय्यदांनी उर्दूसाठी शिळाप्रेस सोडून नस्ख वळणाचे खिळे वापरले. वाचकांचा जीव नस्तालिकच्या उतरत्या ओळीवर. खिळे त्यांना रुचले नाहीत. उर्दू छपाई आणखी शंभर वर्षे कातिबाच्या, म्हणजे हाताने मजकूर लिहिणाऱ्या लेखनिकाच्या, बोरूवर चालली. मग संगणकावर नस्तालिक आले आणि कातिबाचे काम संपले. खिळेही गेले, बोरूही गेला.

खंड. मासिक १८७६ त थांबले, १८७९ ते ८१ पुन्हा निघाले, १८९४ त तिसऱ्यांदा. (आपली ‘निबंधमाला’ १८७४ ते ८१ मधली, एकाच दशकात दोन भाषांचा निबंध घडत होता, आणि दोघांना एकमेकांची चाहूल नसावी.) मग दीर्घ मौन. कुलगुरू सय्यद हामिद यांनी १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत विद्यापीठातर्फे ते पुन्हा सुरू केले. आजही निघते.

विषय. जेवायची रीत, खुशामत, आळस, हेकटपणा, वाद कसा घालावा. वादावरच्या निबंधाची सुरुवात एकमेकांवर गुरगुरणाऱ्या कुत्र्यांच्या वर्णनाने होते. माणसांच्या बैठकीवर तो नंतर येतो. इतका सोपा, इतका धीट गद्यलेखक धर्मचर्चेच्या मासिकात आता क्वचित भेटतो. हे निबंध पाठ्यपुस्तकांत टिकले, पण तिथे ते परीक्षेपुरते. त्यांच्यातली धग कोणाला तरी डिवचण्यासाठी होती.

आणि विरोधक. माझ्या लेखी सर्वांत मोठी तूट हीच. कानपूरहून ‘नूर-उल-आफाक’ आणि ‘नूर-उल-अन्वार’ निघाली ती सर सय्यदांना उत्तर द्यायला. सर सय्यदांवर कुफ्राचे, म्हणजे धर्म सोडल्याचे, फतवे निघाले, थेट मक्केहूनही आणवले गेले. स्वतःच्या गोटातही एकमत नव्हते: मोहसिन-उल-मुल्क जिवलग मित्र, ‘तहजीब’चे बिनीचे लेखक, पण सर सय्यदांचे कुराणभाष्य त्यांना पटले नाही आणि त्यांनी ते लिहून कळवले. मैत्री टिकली. ‘तहजीब’ वाचणारा त्या काळी दोन्ही बाजू वाचत होता, शिव्यांसकट.

आज ऑक्टोबरात, सर सय्यदांच्या जयंतीच्या महिन्यात, विद्यापीठ त्यांचे गौरवांक काढते. ते काढावेतच. पण अलीगढने एकदा एक अंक त्या कानपूरकरांनाही द्यावा: त्यांचे आक्षेप पुरते छापावेत, एक शब्द न गाळता, आणि शेजारी सर सय्यदांची उत्तरे.