खर्जाच्याही खाली

पिस्टनफोन, म्हणजे मायक्रोफोन जोखायचं साधन, मुठीत मावतो. त्याच्या तोंडाशी मायक्रोफोन हलकेच बसवायचा, आत हवा कोंडेल इतपत, आणि बटण दाबायचं. फिरत्या कॅमवर दोन इवले दट्टे समोरासमोर आत-बाहेर होऊ लागतात, आणि त्या चिमुकल्या पोकळीत सेकंदाला अडीचशे कंपनांचा, 124 डेसिबलचा सूर भरून राहतो. बाहेर येते ती नुसती गुणगुण. मला हा सूर आवडतो, कारण त्याला खोटं बोलता येत नाही: दट्टा किती सरकला, पोकळी केवढी, हवेचा दाब किती, एवढं कळलं की आवाज किती हे गणितानं निघतं, कुणाच्या कानाला विचारावं लागत नाही.

हवेचा दाब म्हटला की आभाळ आत आलंच. तेच दट्टे, तीच पोकळी. पण मुंबईच्या किनाऱ्यावर लागतो तो सूर पुण्यात साधारण अर्ध्या डेसिबलनं खाली बसतो, महाबळेश्वरी जवळजवळ दीडनं. म्हणून पेटीत शेजारीच वायुभारमापक.

मन रेंगाळतं ते मात्र याच्याही खाली, 20 हर्ट्झच्या पायरीखाली, जिथं आपलं ऐकणं संपतं. सेकंदाला एकच हेलकावा. उघड्यावर त्याची लाट 340 मीटर लांब. पोकळीत दाबली की हवा तापते, आणि घाईच्या सुरात ती ऊब तिच्यापाशीच राहते; पण संथ सुरात भिंतींना ती पिऊन घ्यायला सवड मिळते, बारीकशा फटीतून हवाही निसटते, आणि हिशेबात धरलेला दाब बघता बघता ओसरतो. पहाटे खर्ज लावणाऱ्या गवयाला हे कळेल. खाली टिकणंच कठीण.

मायक्रोफोनचंही तसंच. त्याचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा. ढग दाटले, गाडी घाट चढली, तरी तो ताणला जाऊ नये म्हणून त्याच्या मागच्या पोकळीत हवेला एक बारीक वाट मुद्दाम ठेवलेली असते. त्याच वाटेनं अतिसंथ दाब मागे पोचतो, दोन्ही बाजू सारख्या होतात, आणि पडदा हलतच नाही. ऋतू सोसायचे तर थोडं बहिरेपण हवंच. किती, तेवढं मात्र जोखावं लागतं, कारण अणुस्फोटांवर पाळत ठेवणारी केंद्रं अशाच संथ लाटांकडे कान लावून बसलेली असतात.

15 जानेवारी 2022 रोजी टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, आणि त्या केंद्रांनी हवेतली ती लाट पृथ्वीला फेऱ्या घालताना पुन्हा पुन्हा टिपली. किंक्रांतीच्या त्या रात्री ती आपल्या गच्च्यांवरूनही गेली. आमच्या चौकात तेव्हा लाऊडस्पीकर दणाणत होता.