आडनाव नंतरचे, वल्दियत आधीची : यवतमाळच्या दप्तरात खानदानाचा शोध

यवतमाळ जिल्ह्यात आपल्या खानदानाची मुळे शोधायला निघालेल्याने आधी जिल्ह्याचेच जुने नाव समजून घ्यावे. 1905 पूर्वी हा वणी जिल्हा होता. इंग्रजांच्या कागदांत तो 'वून' असा येतो. त्याच वर्षी वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. म्हणून पुसदकडच्या घराण्यांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा वाशीम' दिसले तर गोंधळून जाऊ नये. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या कारभारात होते, मग इंग्रजांकडे आले, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले आणि 1956 पर्यंत मध्य प्रदेशात राहिले. पणजोबा एकाच गावात जन्मले, तिथेच वाढले, तिथल्याच कब्रस्तानात दफन झाले. कागदावर मात्र त्यांचा जिल्हा आणि राज्य बदलत राहिले.

नावे तर शहरांचीही झिजतात. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त या भागाची नोंद 'योत लोहारा' अशी आहे. लोहारा आजही यवतमाळला लागूनच आहे. 'योत'चे यवत झाले आणि परगण्याच्या अर्थाचा 'महाल' झिजून 'माळ' उरला, असे सांगितले जाते. चिंतामणीच्या देवळासाठी आज ओळखले जाणारे कळंब तेव्हा एका सरकारचे, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या मोठ्या विभागाचे, मुख्य ठिकाण होते. गावांची ही गत, तर माणसांच्या नावांचे काय?

आपल्याकडे बहुतेकांची चूक इथेच होते. आपण आडनाव घेऊन कचेरीत जातो. जुन्या नोंदीत मात्र आडनाव सहसा नसतेच. तिथे असते 'शेख अमुक वल्द शेख तमुक, राहणार मौजे अमके'. देशमुख, पटेल, काझी, इनामदार, मुजावर ही नावे वतनाची किंवा कामाची. ज्याच्याकडे ते काम होते त्याच्या घराला ती चिकटली. अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी ही धंद्याची. एका भावाने शाळेत 'शेख' लिहवले, दुसऱ्याने 'पटेल', आणि दोन पिढ्यांत चुलत घरे एकमेकांना परकी झाली. म्हणून शोधायचे ते तीन धागे: गाव, वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव. माणसाला त्याच्या वडिलांच्या नावाने ओळखावे, ही आपल्या दीनचीही शिकवण आहे.

आता कागद कुठे मिळतात ते पाहू. वऱ्हाडात पहिला आधार कोतवाल बुकाचा. गावातील जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही. तिची नक्कल तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून घ्यावी लागते. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. 'अमुक यास मुलगा झाला' एवढेच असते. तेव्हा बाळाचे नाव न शोधता बापाचे नाव आणि तारीख शोधावी. दुसरा आधार जुन्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा. तिसरा जमिनीचा: जुने फेरफार, पेरेपत्रके, अधिकार अभिलेख. मोठ्या सरकारी फाइलींसाठी नागपूरच्या अभिलेखागारापर्यंत जावे लागते.

वाचताना कान मराठी कारकुनाचे ठेवावेत. त्याने जे ऐकले तेच लिहिले. मोहम्मदचे महमद, इस्माईलचे इस्माल, कासिमचे कासम, शेखचे नुसते 'शे.' होते. काही नोंदी मोडीत असतात, त्यासाठी मोडी जाणणारा गाठावा. निजामी काळातील कागद फारसीत. तिथे मदरशातील एखादे बुजुर्ग उपयोगी पडतात.

हा शोध केवळ हौसेचा नाही. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. इथे घरोघर कापूस पिंजून देणारे पिंजारी, म्हणजे आजचे मन्सूरी, ओबीसीच्या यादीत आहेत. त्यांच्या मुलाला जातीचा दाखला हवा असेल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात कारकुनाने 'मुसलमान' एवढेच लिहिले असेल तर काम अडते. पण आजोबांच्या सख्ख्या भावाच्या किंवा पणजोबांच्या नोंदीत 'पिंजारी' सापडू शकते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील असा कागद मुलाच्या प्रवेशाच्या कामी येतो. त्यासाठी तो आपला भाऊबंद कसा, हे वंशावळीने दाखवता आले पाहिजे. दोन पिढ्यांपूर्वी तुटलेले चुलत घर शोधण्याची गरज अशी दारात येऊन उभी राहते.

सगळे कागदावर मिळत नाही. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यावर उरूस भरतो तेव्हा लांबलांबची माणसे येतात. 'तुमचे मूळ गाव कोणते?' हा प्रश्न तिथे कोणाला खटकत नाही. घरातील वृद्ध नानी-दादींना तर आजच विचारावे. कोण कोणाची सून, कोण कुठल्या गावची लेक, हे रजिस्टरपेक्षा त्यांना जास्त पाठ असते.

कारण रजिस्टरांत बाया फार कमी भेटतात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा आईचे नाव नाही. इतरत्र दिसलीच तर 'जौजे' किंवा 'बेवा' म्हणून. त्यांची नावे सापडण्याच्या दोन जागा म्हणजे काझींकडचे निकाहाचे रजिस्टर आणि वारसाचा फेरफार. जुना फेरफार हाती आला की वारसांची ओळ नीट वाचा. मुलांच्या पुढे मुलींची नावे आहेत का? शरियतने ठरवून दिलेला त्यांचा हिस्सा त्या कागदावर उतरला का? काही घरांना या एका ओळीत आपल्या खानदानाची खरी परीक्षा दिसेल.

म्हणून शजरा लिहायला बसाल तेव्हा नुसत्या बापांची रांग लावू नका. प्रत्येक पिढीत आईचे नाव, तिचे माहेरचे गाव आणि मुलींची नावे लिहा. शंभर वर्षांनी कोणी आपला शोध घेत येईल, तेव्हा त्याला कारकुनाच्या 'शे.'वर थांबावे लागू नये.