आजोबांचं बेचाळीस

'1942' हा व्हिडिओ गेम वाईट होता. कॅपकॉम या जपानी कंपनीनं तो 1984 मध्ये आर्केडसाठी काढला तेव्हा लोकांनी त्याच्यावर खिसे रिकामे केले म्हणतात, आणि तो मूळ गेम नंतर पाहिल्यावर मला ते पटलंही. पण पुढच्याच वर्षी तो घरच्या आठ-बिटी यंत्रासाठी उतरवला गेला. ते काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं, आणि त्या उतरवण्यात त्याचा जीवच गेला. खाली सपाट निळं पाणी, वरून गिरक्या घेत येणारी विमानं. विमानांची गर्दी झाली की ती लुकलुकायची, मधलं एखादं क्षणभर नाहीसंच व्हायचं. संगीत म्हणाल तर टिकटिक आणि शिट्टी, शिट्टी आणि टिकटिक. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्या मेल्याला तेल घाला रे कुणीतरी!"

तो आमच्या घरी आला 1996 च्या उन्हाळ्यात, बनारसच्या दालमंडीतून. दादानं मुंजीच्या पैशांतून घेतलेला नकली यंत्राचा खोका, सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर नवाच्या आकड्यांची रांग आणि 'इन वन'. खोक्यावर उघड्या छातीचे दोन सैनिक मशीनगन घेऊन धावत होते, म्हणजे 'कॉन्ट्रा' असणारच, असं आम्ही धरून चाललो. कॅसेटमध्ये 'कॉन्ट्रा' नव्हता. मोजकेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येत होते, आणि त्यातला सैन्याचा म्हणावा असा एकच: '1942'. कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा बसवली. फुंकर मारून 'कॉन्ट्रा' कुठून येणार!

आमचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. नाना फडणविसांचा वाडा त्याच भागात, पेशवाईपासून मराठी माणसं तिथं नांदलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी, आणि भांडण रंगलं की दोन्हीची खिचडी. टीव्ही आजोबांच्या खोलीत, त्यामुळे गेम त्यांना बघावाच लागे. पहिल्याच दिवशी पडद्यावर तो आकडा आला आणि त्यांनी चष्मा पुसून घातला.

"बेचाळीस? यात आपण कोण?"

"अमेरिका."

"आणि हे पाडतोयस ते?"

"जपानी."

"इंग्रज कुठायत?"

"इंग्रज नाहीत यात, आजोबा."

"मग कसलं डोंबलाचं बेचाळीस!"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. जपानी कंपनीनं जपानी विमानं पाडायला लावणारा गेम केला, कारण तो परदेशात खपवायचा होता. मिडवेपासून निघून टोकियोपर्यंत जायचं, बत्तीस टप्पे, आणि तेही उलटे मोजायचे. आम्ही टोकियो कधी पाहिलं नाही. बनारसची वीज! 'बत्ती गुल' झाली की खेळलेलं सगळं पुसलं जाई, आणि ती आली की पुन्हा बत्तिसावरून सुरुवात.

त्या अंधारात आजोबा आपलं बेचाळीस सांगायला बसत. तेही दर वेळी पहिल्यापासून. ऑगस्टच्या नऊ तारखेला पुढारी पकडले. मग विश्वविद्यालयातली मुलं बाहेर पडली, खेड्यांत गेली, कुठं रूळ उखडले गेले, कुठं तारा कापल्या गेल्या, तिकडे बलियात चित्तू पांडेंनी थोडे दिवस का होईना स्वतःचं सरकार चालवलं. हे सगळं ते झपाझप सांगत. मग हातपंखा मांडीवर ठेवत आणि आवाज खाली आणत, म्हणजे मुख्य गोष्ट आली हे आम्ही ओळखायचो. काशीला छुप्या पत्रकांची सवय तीसच्या सत्याग्रहापासूनची. तेव्हा 'रणभेरी' निघत असे, आणि तिच्यामागे 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर, आपलेच मराठी. बेचाळीसात तशीच सायक्लोस्टाइलची पत्रकं आमच्या वाड्यात आली. ती न्यायची कशी? तर पूजेच्या परडीत. तळाशी कागद, वर ओलं केळीचं पान, त्यावर बेल, त्यावर झेंडूची चार फुलं. सोळा वर्षांचा मुलगा सोवळं नेसून निघालाय, त्याला कोण हटकणार? शाई ओली होती, बेलाच्या पाण्यानं ती पाझरली आणि सोवळ्याला मांडीवर निळा डाग पडला. तो डाग झाकायला परडी डावीकडून उजवीकडे घेतली, असं ते करून दाखवत. गल्लीच्या वळणावर पानवाल्याच्या फळीला टेकून शिपाई उभा.

"मग?"

"मग काय, वळलो नि गेलो."

इथं गोष्ट संपायची. कधी वीज यायची म्हणून, पण नाही आली तरी ते उठून माठाकडे जात. दादाला वाटे की पुढे मार खाल्ला असेल, ते सांगायचं नसेल. मला वाटे की पुढची गोष्ट ते आम्ही मोठे झाल्यावर सांगणार आहेत.

2003 मध्ये ते गेले. तेराव्यानंतर माणसं पांगली, आजी तांदूळ निवडत बसली होती, आणि मी तिला शिपायापुढचं काय ते विचारलं. तिनं सुपातून नजर काढली नाही. "परडी घेऊन हे नव्हतेच गेले. अण्णा गेले होते. हे दारात उभे होते." दारातून वळणापर्यंतचीच गल्ली दिसते. त्यापुढचं आजोबांनी पाहिलेलंच नव्हतं. अण्णा, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, त्या वळणानंतर पकडले गेले, तुरुंगातून सुटून आले ते खोकला घेऊन, आणि स्वातंत्र्य काही त्यांनी बघितलं नाही. त्यांचा फोटो घरात होता. पण आमच्या लेखी ते नुसते फोटोतले एक आजोबा होते.

मला राग आला नाही. उलट तो निळा डाग आठवला. तो दारातून दिसला असेल? की सोवळं नंतर घरी कुणी धुतलं, त्याला? विचारायला आता कुणी नाही. आजीही पुढं दोन पावसाळेच राहिली, आणि वाडा विकला गेला.

दादा पुण्याला असतो. परवा फोनवर मी हे सगळं त्याला पहिल्यांदा नीट सांगितलं. त्याला '1942' मधला दोन खेळाडूंचा प्रकार आठवला. त्यात दोघं एकदम उडत नसत. पहिला मरेपर्यंत दुसऱ्यानं हात बांधून बसायचं, मग त्याची पाळी. दादा म्हणाला, "म्हणजे आजोबा दोन नंबरचे. आणि त्यांची पाळी कधी आलीच नाही."

हे मला पटलं नाही आणि मी तसं म्हणालो. अण्णा गेल्यावर शिक्षण सोडून आजोबा तारखात्यात लागले. ज्या तारा कापल्याचं रंगवून सांगत, त्याच सांभाळत त्यांनी उभी नोकरी काढली. अण्णांच्या मागे राहिलेल्या वहिनी, आमच्या काकूआजी, शेवटपर्यंत आमच्याच घरी होत्या, आणि पगाराच्या दिवशी आजोबा आधी त्यांच्या खोलीत जात, मग आजीकडे. आजी यावरून चिडायची, ते दादालाही आठवत होतं.

"एवढी लांब पाळी," तो म्हणाला, "आणि गोष्ट मात्र अण्णांची सांगायचे."